सुईणीचा कबुलीजबाब

ते प्रकरण आठवलं नाही असा एकही उन्हाळा गेलेला नाही. पोलीस खात्यात मी बत्तीस वर्षं काढली. खून पाहिले, दरोडे पाहिले, पेटलेल्या वस्त्या पाहिल्या. त्या मानाने ही केस कागदावर अगदी बारकी होती. भारतीय दंड विधान, कलम तीनशे बारा, गर्भपात घडवून आणणे. आरोपी एक, शिक्षा सहा महिने. तपासाबद्दल वरिष्ठांनी चांगला शेरा दिला. माझ्या सेवापुस्तकातला तो पहिला चांगला शेरा, आणि तोच मी आजवर कोणाला दाखवलेला नाही.

पन्नासच्या दशकातली गोष्ट. मी नुकताच फौजदार होऊन ठाण्याला आलो होतो. देशावरचा माणूस, खाडीच्या वासाने पहिले आठ दिवस जेवण जात नव्हतं. हाताखाली एक हवालदार होते, कोकणातले, पन्नाशीला टेकलेले, कपाळावर रोज गंध. डायरी कशी लिहावी, कोणाला खुर्ची द्यावी आणि कोणाला उभं ठेवावं हे सगळं मला त्यांनीच शिकवलं. साहेब मी असलो तरी ठाणं ते चालवत होते, आणि हे आम्हा दोघांनाही माहीत होतं.

एका सकाळी टपालात निनावी अर्ज आला. अक्षर वळणदार, भाषा शाळेत शिकलेल्याची. बाळकुमच्या बाजूच्या एका खाडीकाठच्या गावातली विधवा सरकारी दवाखान्यात पडून आहे, तिने गावच्या सुईणीकडून पोट पाडून घेतलं आहे, गावाची अब्रू गेली, पोलीस झोपलेत काय, असा मजकूर. खाली सही 'एक सज्जन नागरिक'.

हवालदारांनी अर्ज उलटसुलट पाहिला आणि म्हणाले, "साहेब, सज्जन नागरिक पत्र लिहीत नाही. तो घरी गप बसतो. लिहिणाऱ्याला ह्यात काहीतरी मिळायचं असतं."

पण अर्ज आवक झाला होता, नोंद झाली होती. चौकशी करणं भाग होतं. आणि खरं सांगायचं तर मला हुरूप आला होता. तोवर माझ्या वाट्याला कोंबड्यांच्या चोऱ्या आणि मिठागरांवरच्या मारामाऱ्याच आल्या होत्या.

दवाखान्यात डॉक्टरांनी मला खाटेपाशी नेण्याआधी बाहेरच थांबवलं. ते वयस्कर होते आणि पोलिसांना भीत नव्हते. म्हणाले, "ती जगेल. पण फौजदारसाहेब, तिला बैलगाडीत घालून इथवर आणणारी बाई तासभर उशिरा आली असती, तर तुम्ही आज पंचनाम्याला आला असतात. ती बाई गेले तीन दिवस इथून हललेली नाही. ती पाहा."

व्हरांड्यात भिंतीला टेकून एक म्हातारी बसली होती. पन्नास-पंचावन्नची असेल, पण मिठागरावर राबलेली माणसं वयापेक्षा दहा वर्षं पुढे दिसतात. गुडघ्यापर्यंत कसलेलं लुगडं, भेगाळलेल्या टाचा, कपाळ कोरं. मला पाहून ती उठली नाही आणि घाबरलीही नाही. गुन्हा केलेला माणूस पळतो, निदान पोलिसाचा गणवेश पाहून डोळे तरी चुकवतो. ही तर माझी वाट पाहत असल्यासारखी बसली होती. तेव्हाच मला काहीतरी कळायला हवं होतं. पण नव्या फौजदाराला कलम दिसतं, माणूस नंतर दिसतो.

खाटेवरची विधवा म्हणजे बावीसेक वर्षांची मुलगी होती. नवरा मचव्यावर कामाला होता, तो बुडून दोन वर्षं झाली होती. ती सासरीच राहत होती. घरात सासू आणि धाकटा दीर, दीर शिकलेला. ती मिठागरावर मिठाच्या टोपल्या वाहायची. मी जे विचारलं त्याला तिचं एकच उत्तर, "मना काय ठाव नाय." बाप कोण, ठाव नाय. औषध कोणी दिलं, ठाव नाय. मधेच ती भिंतीकडे तोंड करून पडली आणि मग तेवढंही बोलेना.

आता कायदा थोडा सांगितला पाहिजे. त्या वेळी पोट पाडणारा गुन्हेगार होताच, पण पाडून घेणारी बाईही त्याच कलमाखाली गुन्हेगार होती. सूट एकच होती, बाईचा जीव वाचवण्यासाठी चांगल्या हेतूने केलं असेल तर. आणि बाईच्या संमतीशिवाय केलं असेल तर कलम बदलायचं. ते तीनशे तेरा, शिक्षा थेट जन्मठेपेपर्यंत. हे आकडे मी तेव्हा घोकून पाठ केले होते. ते कोणाच्या डोक्यावर पडतात याचा विचार केलेला नव्हता.

व्हरांड्यातली म्हातारी हीच ती सुईण. तिला ठाण्यात बोलावलं. तेव्हा महिला पोलीस नव्हत्या, म्हणून पोलीस लाईनीतल्या एका शिपायाची बायको शेजारी बसवली. म्हातारी जमिनीवर बसली आणि गप्प राहिली. तासभर प्रश्न विचारून माझा घसा सुकला. हवालदार मात्र तापले होते. एरवी आरोपीशी चढ्या आवाजात न बोलणारा हा माणूस तिच्यावर ओरडला, "लाज नाही वाटली? लोक पोरासाठी देवाला साकडं घालतात, उपास करून हाडं झिजवतात, आणि तू देवाने दिलेलं ते मारतेस?"

मला ठाऊक होतं की हवालदारांच्या घरी लग्नाला वीस वर्षं होऊनही पाळणा हलला नव्हता. म्हातारीला ते कुठून ठाऊक असणार? पण तिने मान वर करून त्यांच्याकडे पाहिलं आणि हळूच विचारलं, "तुला पोर नाय ना, बाबा?"

हवालदार बाहेर निघून गेले.

मग मी पोलिसांची जुनी युक्ती काढली. दोन आरोपी असले की त्यांना वेगळं ठेवायचं आणि एकाला सांगायचं, दुसरा बोलला, त्याने सगळं तुझ्यावर ढकललं. चोर असो, दरोडेखोर असो, सख्खे भाऊ असोत, माणूस चिडतो आणि दुसऱ्यावर उलटतो. मग दोघांच्या भांडणातून खरं बाहेर येतं. ही युक्ती मी पुढे कितीतरी वेळा वापरली आणि ती सहसा वाया गेली नाही. त्या दिवशी मात्र ती उलटीच चालली.

मी दवाखान्यात जाऊन मुलीला म्हणालो, "सुईणीने सगळं सांगितलंय. तू तिच्या पाया पडलीस, तूच गळ घातलीस, असं म्हणते."

मुलगी ताडकन उठून बसली. डॉक्टरांनी हलायचं नाही म्हणून बजावलं होतं. ती म्हणाली, "आये खोटा बोलतं. आयेनं काय नाय केला. तिनं मना हातबी नाय लावला. मीच केला, एकलीनं. मना घेऊन चला, पन तिला सोडा. तिनंच तर मना हितं आनला."

अख्खं गाव त्या सुईणीला आये म्हणायचं. आये म्हणजे आई.

ठाण्यात परत येऊन मी म्हातारीला सांगितलं, "मुलगी बोलली. म्हणते, सगळं तूच केलंस." हे अर्धं खोटं होतं. म्हातारीच्या तोंडावर राग येईल म्हणून मी वाट पाहत होतो. तिला तर हायसं वाटलेलं दिसलं. ती म्हणाली, "बरोबर बोलली पोर. मीच केला. तिला काय बी म्हाईत नव्हता. पोटान दुखतं म्हनून ती आली, मी तिला दवा दिली. कसली दवा, तिला कोन सांगनार? तिचा काय बी चुकला नाय. लिवा."

मी लेखणी खाली ठेवली. तिला समजावून सांगितलं, "बाई, काय बोलतेस ते कळतंय का? तिला ठाऊक नसताना केलंस म्हटलं तर कलम बदलतं. दोन-तीन वर्षांवर भागणार नाही. जन्मभर तुरुंगात राहावं लागेल."

"आन पोर सुटंल?"

"तसं असेल तर तिच्यावर गुन्हा राहत नाही. सुटेल."

"मंग तसा लिवा."

पोलिसाच्या नोकरीत खोटं रोज ऐकावं लागतं. स्वतःला वाचवण्यासाठी बोललेलं खोटं मी आवाजावरून ओळखायचो. स्वतःला बुडवण्यासाठी इतक्या शांतपणे बोललेलं खोटं मी पहिल्यांदा ऐकत होतो. दारात हवालदार उभे होते. ते गेले आणि थोड्या वेळाने स्वतःच्या हाताने चहा घेऊन आले. कपबशी त्यांनी म्हातारीसमोर ठेवली.

चहा झाल्यावर ती आपण होऊन बोलली. ते जबाबात लिहिलेलं नाही, म्हणून इथे लिहितो.

मुलगी तीनदा तिच्याकडे आली होती आणि तिन्ही वेळा म्हातारीने नाही म्हटलं होतं. "मी जलम देनारी बाय. ह्या हातानी अर्धा गाव जल्मलाय. मी तिला बोलली, बालंत हो, पोर मना दे, मी वाडवतंय. ती बोलली, आये, पोराचा तोंड त्याच्यासारका झाला तर? त्या घरान मना रोज त्याच्या समोर जेवन वाडावा लागतं." तिसऱ्या नकाराच्या दुसऱ्या दिवशी, भर दुपारी, भरतीच्या वेळी मुलगी मिठागराच्या बांधावरून खाडीत उतरली. म्हातारीचं लक्ष होतं. तिने गळ्याइतक्या पाण्यात जाऊन केसांना धरून तिला बाहेर ओढलं.

"तिची नाल मी कापलेली हाय, साहेब. ती पयल्यांदा रडली ती माज्या हातान. तिला पान्यान कशी जाऊ देऊ? दोनी जीव राखाला माज्याच्यानं व्हत नव्हतं. एक घेतला." मग तिने आपल्या हातांकडे पाहिलं. "पाप हाय त्या. मना ठाव हाय. माज्या हातून नीटबी नाय झाला. पोर मराला टेकली. म्हनून गाडी जुपली आन दवाखान्यान आनली. लोक बोलले, नेऊ नको, पोलीस धरतील. धरू दे बोलली."

तो नराधम कोण, हे तिने सांगितलं नाही, पण ते आम्हाला लवकरच कळलं. तीन दिवसांनी मुलीचा दीर ठाण्यात आला. इस्त्रीचा सदरा, खिशाला पेन. आल्या आल्या विचारतो, "वहिनीला किती वर्षं बसतील?" सुईणीबद्दल एक शब्द नाही. वहिनी तुरुंगात गेली म्हणजे शेतातल्या तिच्या हिश्श्याचं काय होतं, हेही त्याने आडवळणाने विचारलं. हवालदारांनी त्याच्यापुढे कागद सरकवला आणि म्हणाले, "नाव-पत्ता लिहा." त्याने लिहिला. तेच वळणदार अक्षर. माझा अनुभव असा, की निनावी अर्ज करणारा निकाल काय लागला ते बघायला स्वतः येतो. त्याला राहवत नाही.

त्याच्यावर कुठलं कलम लावायचं? त्याने औषध दिलं नव्हतं. मुलगी त्याचं नाव घ्यायला तयार नव्हती. नाव घेतलं तर गावात कुठे राहणार होती ती? ज्याच्यामुळे हे सगळं झालं त्याचं नाव लिहायला माझ्या फॉर्ममध्ये रकानाच नव्हता. हवालदारांनी त्याला बाहेर नेलं. परत येताना त्याच्या सदऱ्याची इस्त्री मोडलेली होती. मी काही पाहिलं नाही, डायरीत काही लिहिलं नाही, आणि मला कोणी विचारलंही नाही.

मी सरकारी वकिलांकडे गेलो. मुलगी खाडीत जीव द्यायला गेली होती, तेव्हा जीव वाचवण्याची सूट सुईणीला लागू होईल का, असं विचारलं. ते हसले. "अहो, कायद्याला आजारपण कळतं, खाडी कळत नाही. आत्महत्येचा प्रयत्न म्हणून तिच्यावर तीनशे नऊसुद्धा लावता येईल. लावायचं का?" मी तिथून उठलो.

आता माझ्या भागाकडे येतो. एवढं लिहिलं ते यासाठीच.

पोलिसापुढे दिलेली कबुली कोर्टात पुरावा होत नाही. म्हणजे मुलीचं 'मीच केला' आणि म्हातारीचं 'मीच केला', दोन्हींची किंमत शून्य. साक्षीदार कोणी नव्हता. डॉक्टर म्हणाले होते, गर्भ पडला एवढं मी सांगेन, कोणी पाडला ते मी पाहिलं नाही. म्हणजे म्हातारी मॅजिस्ट्रेटपुढे नुसती गप्प राहिली असती तरी केस तिथेच पडली असती आणि दोघी घरी गेल्या असत्या. हे मला माहीत होतं. हवालदारांनाही माहीत होतं. तिला नव्हतं, असं मी धरून चाललो.

मी तिला म्हणालो, "मुलीला ठाऊक नव्हतं असं सांगू नकोस. तिला ठाऊक होतं असंच सांग. कलम हलकं राहील. तिला मी आरोपी करणार नाही, हा माझा शब्द." तिने माझ्याकडे पाहिलं आणि हात जोडले. जन्मठेपेतून तिला सोडवली, मुलीला आरोपी केलं नाही, म्हणून त्या दिवशी मी स्वतःला फार दयाळू समजलो. गप्प राहा, हे दोन शब्द मात्र माझ्या तोंडून निघाले नाहीत. मला केस हवी होती.

मॅजिस्ट्रेटनी नियमाप्रमाणे तिला समज दिली, की कबुली देण्याची सक्ती नाही, दिलीस तर ती तुझ्याविरुद्ध वापरली जाईल. विचार करायला एक दिवसही दिला. दुसऱ्या दिवशी तिने सगळं सांगितलं. सहा महिने सक्तमजुरी झाली. वरिष्ठांनी पाठ थोपटली. संध्याकाळी हवालदार माझ्याजवळ येऊन म्हणाले, "साहेब, पाप झालं असं मी अजून म्हणतो. पण ते हिने केलं असं माझ्याच्याने म्हणवत नाही." मी त्यांना रजेचा अर्ज पुढे करायला सांगून विषय बदलला.

त्या सहा महिन्यांत त्या गावातून दवाखान्यात एकही अडलेली बाई आली नाही. डॉक्टरांनीच मला बाजारात गाठून सांगितलं. "बायका अडायच्या थांबल्या म्हणून नाही हो. आणणारी आत आहे, आणि दुसरी कोणी आणायला धजत नाही. तुमची केस फार गाजली." त्या काळात गावात दोन बाळंतिणी गेल्या. एकीच्या मयताची खबर माझ्याच हातात आली. मी तिचा पंचनामा केला. तो कसा केला ते लिहवत नाही.

म्हातारी सुटली त्या सकाळी मी आणि हवालदार दुसऱ्या एका कैद्याचा ताबा घ्यायला तुरुंगाच्या दारात उभे होतो, असं मी तेव्हा घरी सांगितलं होतं. खरं म्हणजे त्या कैद्याचा ताबा शिपाईही घेऊ शकला असता.

बाहेर पिंपळाखाली ती मुलगी उभी होती. अंगाने भरली होती. सासर सोडून ती म्हातारीच्या झोपडीत राहायला गेल्याचं आम्हाला कळलं होतं. पदराखाली तिने काहीतरी धरलं होतं. त्या गावात रीत अशी, की बाळ पाच दिवसांचं झालं की पाचवीला बाळंतीण सुईणीची ओटी भरते, नारळ आणि खण देते. सुईणीचा तो मान. ही विधवा, आणि ती म्हातारीही विधवा. विधवेने ओटी भरायची नाही आणि विधवेची भरायची नाही. आणि बाळ तर नव्हतंच. म्हातारी दारातून बाहेर आली, तशी मुलीने तिला थांबवलं, भर रस्त्यात तिच्या पदरात तांदूळ घातले, खण ठेवला, नारळ ठेवला आणि पायांवर डोकं टेकलं.

म्हातारी म्हणाली, "अगो, कसली पाचवी ही? कोन जल्माला आलाय?"

"मी आलेय, आये," मुलगी म्हणाली.

हवालदारांनी टोपी काढून काखेत धरली आणि ते तुरुंगाच्या भिंतीकडे बघत राहिले.

माझ्याने राहवलं नाही. मी पुढे झालो. "बाई, एक सांगायचं राहिलं होतं. तुम्ही कोर्टात गप्प राहिला असतात, तर सुटला असतात." तिला अहोजाहो मी पहिल्यांदाच करत होतो.

तिला नवल वाटलं नाही. "मना ठाव होता. त्या कोर्टातल्या साहेबानं सांगितला ना, बोलायची जबरी नाय म्हनून. मी काय बहिरी हाय?"

"मग बोललात का?"

तिने नारळ या हातातून त्या हातात घेतला आणि अगदी साधेपणाने विचारलं, "मी गप रायली असती, तर तुमी परत पोरीकडं जेला असता ना?"

गेलो असतो. त्या वेळचा मी नक्की गेलो असतो. तिने मला पहिल्या दिवशीच ओळखलं होतं. तपास मी तिचा करत होतो असं मला वाटत होतं, आणि ती माझा करून मोकळी झाली होती.

पुढे बऱ्याच वर्षांनी कायदा बदलला. डॉक्टरच्या हातून, रीतसर, दवाखान्यात हे करता येऊ लागलं. आता आमच्या डोंबिवलीच्या बागेतल्या बाकावर पेन्शनर मंडळी त्यावर अजून हमरीतुमरीवर येतात. पोटातल्या जीवाचं काय, असं कोणी विचारलं की मी त्याला वेड्यात काढत नाही. माझे हवालदार तेच विचारायचे, आणि त्यांच्याइतका सज्जन माणूस मी खात्यात पाहिला नाही. त्या म्हातारीनेही त्याला पापच म्हटलं होतं. पण कायदा बदलला हे बरं झालं, असं मी स्पष्ट सांगतो. खाडीत उतरलेल्या बाईला बाहेर काढायला कलम जात नाही. कोणीतरी आये जाते, आणि आम्ही तिलाच धरतो.

माझ्यापुरता मी एक बदल केला. त्या सकाळनंतर कुठल्याही आरोपीला कबुलीसाठी मॅजिस्ट्रेटपुढे नेण्याआधी मी स्वतः त्याच्यासमोर बसून, त्याच्या भाषेत, त्याला कळेपर्यंत सांगायचो, की बाबा, तुला गप्प राहता येतं, आणि तू गप्प राहिलास म्हणून मी तुझ्या माणसांना छळणार नाही. वरिष्ठांनी दोनदा बोलावून चांगलं फैलावर घेतलं. काही केसेस त्यामुळे पडल्या.

पडू देत.